शिमग्यापर्यंत ठेवलेली डबी

"ही डबी वाटायची नाही," नाबरबाई म्हणाल्या आणि त्यांनी झाकणावर तळहात ठेवला.

माझ्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्या हातात बर्फावर गार केलेला छोटा खल. डबीत बोटाएवढ्या काचेच्या नळ्या उभ्या होत्या आणि प्रत्येक नळीत, कापसाच्या बोळ्याखाली, एक टम्म फुगलेली गोचीड. त्या दिवशी सगळ्या वाटून संपवायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून केंद्राला शिमग्याची सुट्टी, असा आमचा शिरस्ता होता. सुट्टीत नळ्यांमधल्या वाळूवर पाणी शिंपडायला कोणी नसे, म्हणून सणाआधी डब्या रिकाम्या करायच्या. हा नियम खुद्द बाईंनीच घातलेला.

"का?" मी विचारलं.

"राहू दे. शिमग्यानंतर बघू."

"बाई, शिमग्यानंतर लगेच पुणं आहे."

"माहीत आहे मला," असं म्हणून त्यांनी डबी उचलली आणि आपल्या टेबलाशेजारच्या कपाटात ठेवून दिली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मूळची अमरावतीची, आडनाव बोंदरे. आमच्या घरात कोणाला राग आला की तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. कोकणात आल्यापासून मी तो गिळायला शिकले होते, पण पुरता गिळता येत नसे. मी खल जरा जोरातच टेबलावर आदळला. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागल्या.

रागाचं कारण साधं होतं. आमचं केंद्र दोडामार्गच्या बाजूला, जंगलाला लागून होतं. तिकडे थंडी सरली की माकडताप यायचा. गोचिडी माकडांना चावतात तशा माणसांनाही चावतात. काजूच्या बागेत पाला गोळा करायला गेलेला धडधाकट माणूस ताप घेऊन घरी यायचा, आणि त्यातले काही पुन्हा उठायचे नाहीत. केंद्र कसलं, भाड्याचं कौलारू घर. दोन खोल्यांत यंत्रं, पडवीत सशांचे पिंजरे. डॉ. हेमलता नाबर तिथल्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी प्रणिता, आणि बाबली गवस हा मदतनीस. बाबली काठीला पांढरं फडकं बांधून ते रानातल्या पाल्यावरून ओढत न्यायचा. फडक्याला चिकटून येतील त्या बारीक गोचिडी सशांच्या कानांवर सोडायच्या. रक्त पिऊन त्या फुगल्या आणि गळून पडल्या की एकेक नळीत भरायची. दोन-तीन आठवड्यांत गोचीड कात टाकते आणि मोठी होते. कात टाकलेल्या आम्ही पैदाशीला ठेवायचो, तुलनेसाठी त्यातल्या मोजक्याच वाटायचो. ज्या तशाच फुगून बसायच्या त्या वाटून तपासायचो. नाहीतरी त्या काही कामाच्या नसतात, निदान तपासणीला तरी येऊ देत, असा विचार.

आणि त्याच वाटणात आम्हाला एक जिवाणू सापडला होता. कात टाकलेल्या गोचिडींत तो कधीच नसे, कात न टाकलेल्यांत मात्र बहुतेक वेळा असे. पुन्हा पुन्हा तेच. अर्थ शेंबड्या पोरालाही कळावा इतका सरळ होता. हा जिवाणू गोचिडीच्या पोटात राहतो आणि तिला मोठी होऊ देत नाही. मोठी झाली नाही तर अंडी नाहीत, अंडी नाहीत तर पुढची पिढी नाही. हा जिवाणू रानभर पसरवता आला तर गोचिडींचा वंश आटेल आणि तापही जाईल. माझा अख्खा प्रबंध एवढ्या एका गोष्टीवर उभा होता.

एका वर्तमानपत्राने बाईंच्या फोटोसकट 'गोचिडींचा काळ कोकणात सापडला' अशी बातमी छापली. मग पुण्याहून समितीचं बोलावणं आलं. बाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. समितीचं समाधान झालं असतं तर नवा मोठा प्रकल्प आणि त्याचं प्रमुखपद त्यांना मिळणार होतं, निवृत्तीनंतरही. माझा प्रबंधही त्याच झटक्यात पार पडला असता. समितीने फक्त आणखी थोडे निकाल मागितले होते. ते निकाल त्या डबीत होते आणि डबी कपाटात होती.

संध्याकाळी बाई वेंगुर्ल्याला आपल्या घरी गेल्या. मी बाबलीला म्हटलं, कपाटाची किल्ली दे, मी जरा बघते. बाबली पायरीवर बसून विडी ओढत होता.

"बायनी सांगल्यानी हा, डब्याक कोणी हात लावचो नाय. तुमी पण नाय."

"मी पण?"

"तुमचा नाव घेवन सांगल्यानी."

मी माझ्या खोलीवर निघून गेले.

शिमग्याचे दिवस मी तिथेच काढले. अमरावतीला जाऊन येण्यातच अर्धी सुट्टी संपली असती. गावात रोज ढोल वाजत होते आणि मी खोलीत बसून नळ्यांची काळजी करत होते. बाबली ढोलांच्या मांडावरून मधूनच यायचा, कानात गुलाल, डोक्याला फेटा, आणि त्या अवतारात कपाट उघडून, बाईंनी सांगून ठेवल्याप्रमाणे एकेका नळीत पाण्याचा थेंब सोडायचा. मीही मागे उभी राहून बघायची. बघायला बंदी नव्हती. काही गोचिडी दिवसागणिक काळवंडत चालल्या होत्या. मेल्या, मला वाटलं. मेलेल्या गोचिडीचं वाटण आमच्या कसल्याच उपयोगाचं नसतं. बाईंचं वय झालं, त्यांना आता धड सुचत नाही, असं मी त्या दिवसांत मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

सुट्टी संपल्यावर बाई दुपारच्या गाडीने आल्या. हातात जत्रेतल्या गोड खाज्याची पुडी. ती माझ्या हातात देऊन त्यांनी पदर खोचला, कपाट उघडलं आणि डबी उजेडात धरली.

एका नळीत काळे ठिपके हलत होते.

"चिलटं शिरलीत," मी म्हटलं. "बोळे सैल राहिले असणार."

बाबली दारातच होता. तो एकदम पुढे आला. "माझा नाव घेव नकात हां. बोळो मी काढूकच नाय. कडेन थेंब सोडलंय फक्त."

बाईंनी कोणाचंच ऐकलं नाही. त्यांनी ती नळी सूक्ष्मदर्शकाखाली आडवी ठेवली आणि कितीतरी वेळ डोळा लावून बसल्या. मान न हलवता त्यांनी हाताने मला जवळ बोलावलं, मग स्टूल मोकळं करून दिलं.

"बस. सावकाश बघ."

ते चिलट नव्हतं. ती माशी होती, गांधीलमाशीच्या कुळातली, पण तिळाच्या दाण्यावर दोघी-तिघी मावतील एवढीशी. काळी कुळकुळीत. पंखांच्या कडेला बारीक केसांची झालर. ती गोचिडीच्या पाठीवर उभी राहून पुढच्या पायांनी आपल्या मिशा साफ करत होती, एक झाली की दुसरी, जेवून हात धुवावेत तशी. आणि तिच्या पायांखालची गोचीड पोकळ होती. मागच्या बाजूला गोल भोक.

"भोकाच्या कडा बघ," बाई म्हणाल्या. "कुठल्या बाजूला वळल्यात?"

"बाहेरच्या."

"मग माशी कुठून आली?"

मी पुन्हा भोकाकडे बघितलं.

बाईंनी दुसरी नळी उचलली. तिच्यातली गोचीड अजून शाबूत होती, पण काळवंडलेली. ती त्यांनी काचेवर घेतली, खिडकीचा पडदा सरकवला आणि आम्ही दोघी आळीपाळीने बघत बसलो. बाबलीही गुपचूप येऊन मागे उभा राहिला. आधी नुसतीच हालचाल दिसत होती. गोचिडीच्या कातडीआड काहीतरी सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. मग मागच्या टोकाला एक टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. तो हळूहळू रुंदावत गेला. आतून कोणीतरी कुरतडत होतं, जराही घाई न करता, कडा गोल राखून. भोक पुरेसं झाल्यावर त्यातून एक डोकं बाहेर आलं, थबकलं, मिशा हलवून हवा चाचपली आणि माशी सबंध बाहेर पडली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. एका भोकातून एकामागून एक, धक्काबुक्की न करता. सगळ्या बाहेर आल्यावर गोचिडीचं नुसतं फोलपट उरलं.

मी जन्मात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. हे मला त्याच क्षणी जाणवलं, आणि माझा प्रबंध संपला हेही त्याच क्षणी समजलं.

"जिवाणू," मी कशीबशी म्हणाले.

"माश्या तपास," बाई म्हणाल्या. "मग बोलू."

पुढचे दिवस मी यंत्रासमोरून उठले नाही. माश्यांमध्ये आमचा जिवाणू खच्चून भरलेला होता. ज्या गोचिडींत माशी नव्हती त्यांच्यात, मग कात टाकलेली असो की नसो, एकीतही नव्हता. गोचिडीला वाढू न देणारा जिवाणू नव्हताच. रानात कुठेतरी माशी बारक्या गोचिडीत अंडी घालून जायची. गोचिडीने रक्त पिऊन पोट भरलं की आतल्या अळ्या जेवायला बसायच्या, तिलाच खायच्या. म्हणून ती कात टाकत नव्हती. जिवाणू हा माशीचा जुना भाडेकरू, तिच्या बिऱ्हाडाबरोबर तोही गोचिडीत आला होता. माशी पुरती तयार होऊन बाहेर पडायला महिन्याच्या वर लागायचं, आणि आम्ही त्याच्या आतच कात न टाकलेल्या तेवढ्या निवडून, न चुकता वाटून टाकत होतो. गोचिडी म्हणून जे काही तपासलं त्यात निम्म्याहून जास्त माश्यांचं बाळंतघर होतं.

निकाल बाईंसमोर ठेवताना मला रडू फुटलं. माझी सगळी वर्षं पाण्यात गेली, असं काहीतरी मी बोलले. बाई खिडकीशी बसून कसलंसं गाणं गुणगुणत होत्या. त्या खूश होत्या. लपवायचा प्रयत्नही करत नव्हत्या, आणि त्याने माझा राग उफाळून आला.

"बाई, तुमचा प्रकल्प जातोय आणि तुम्ही गाणी म्हणताय?"

"जातोय ना," त्या म्हणाल्या. "अगं, मी तरुणपणापासून गोचिडी बघते आहे. गोचिडीत नवं असं मला काही दिसेल असं वाटलं नव्हतं. ही बया माझ्या टेबलावरून रोज जात होती आणि मी तिला खलात घालत होते. आत्ता कुठे तोंड दाखवलंन तिने. हसू नको तर काय करू?"

"पण तुम्हाला संशय आला कधी? डबी मागे ठेवलीत ती कशावरून?"

"ते पुण्याला सांगते. आधी रडून घे, मग चहा टाक."

पुण्याला समितीसमोर बाईंनी जुनं काहीही दाखवलं नाही. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्ही जे कळवलं होतं ते चुकीचं आहे. मग माशीची चित्रं दाखवली, निकाल दाखवले आणि बसल्या. एक जाडजूड सदस्य होते, त्यांनी खोचकपणे विचारलं की मग इतकी वर्षं सरकारी पैशाने आपण नेमकं काय वाटत होतात. बाई म्हणाल्या, "माश्यांची पिल्लं." दोघे-तिघे हसले. बाईही हसल्या. मी मात्र टेबलाखाली ओढणी पिळत बसले होते.

अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. त्यांनी फाईल मिटली आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "पण बाई, या मुलीच्या प्रबंधाचं काय? तो तर तुमच्या जुन्या निष्कर्षावरच उभा आहे."

हाच प्रश्न मला झोपू देत नव्हता. नोंदणी रद्द होणार, घरी परतायचं आणि वडिलांच्या औषधांच्या दुकानात बसायचं, इथपर्यंत मी मनाने पोचले होते.

बाई पुन्हा उभ्या राहिल्या.

"सुट्टीआधी डब्या रिकाम्या करायचा नियम माझा," त्या म्हणाल्या. "कात न टाकलेल्याच वाटायच्या, हाही माझाच. चूक कोणाच्या नावावर लिहायची असेल तर ती माझ्या लिहा. ही मुलगी पहिल्या वर्षाला आली, तेव्हा एकदा खलात गोचीड घालता घालता हिने मला विचारलं होतं, की बाई, या नाही वाटल्या तर यांचं पुढे काय होतं? मी म्हटलं, मरतात, आणखी काय होणार. मी स्वतः कधी थांबून बघितलं नव्हतं. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून या वेळी एक डबी ठेवून दिली. माशी सापडली ती हिच्या प्रश्नामुळे. प्रबंध त्याच्यावर होईल, आणि तो जुन्यापेक्षा चांगला होईल."

सगळे माझ्याकडे वळले. मी वेड्यासारखी बाईंकडे बघत होते. अध्यक्षांनी मला पुढे बोलावलं आणि माशीबद्दल विचारायला लागले. किती दिवस लागतात, एका गोचिडीतून किती निघतात, रानात सोडली तर उपयोग होईल का. सुरुवातीला मी एकेका शब्दात उत्तरं दिली. मग ते गोल भोक डोळ्यांसमोर आलं आणि मी बोलत सुटले. वेळ संपल्याचं जाडजूड सदस्यांना दोनदा सांगावं लागलं.

माझा प्रबंध नव्या विषयावर चालू ठेवायला मंजुरी मिळाली. बाईंच्या प्रकल्पाचं नावही कोणी काढलं नाही. त्याच वर्तमानपत्राने पुढे आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला, फोटो न छापता. मे महिन्यात बाई ठरल्याप्रमाणे निवृत्त झाल्या. बाबलीने त्यांना सशाची जोडी द्यायचा घाट घातला होता, ती त्यांनी नाकारली.

पुण्याहून परतताना आम्ही एसटीत शेजारी शेजारी बसलो होतो. आंबोलीला गाडी चहाला थांबली. धुकं होतं. मी दोन ग्लास घेऊन आले, एक त्यांना दिला आणि प्रवासभर जिभेवर असलेलं विचारलं.

"बाई, मी तसं काही विचारल्याचं मला आठवत नाही."

"मला आठवतं."

"पण मी..."

"पहिल्या वर्षी तू इतके प्रश्न विचारायचीस की नळ्यांचे बोळे काढून माझ्या कानात घालावेसे वाटायचे," त्या म्हणाल्या. "तुला कुठले कुठले आठवणार?" चहा संपवून त्यांनी शाल डोक्यावरून घेतली आणि घाट उतरेपर्यंत डोळे मिटून बसल्या. झोपल्या नव्हत्या. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

मी पुष्कळ आठवून पाहिलं. खल आठवला, बर्फ आठवला, पहिल्या वर्षाची ती उकाड्याची खोलीही आठवली. प्रश्न काही आठवला नाही. पण बाई म्हणतात म्हणजे विचारला असेल, असं मी धरून चालले. त्या प्रश्नाच्या जोरावर मी प्रबंध पुरा केला, नोकरी मिळवली आणि पुढे हुशार म्हणूनही गणली गेले. एखाद्या कामात सगळं फसलं की मी स्वतःला समजवायची, तू ती आहेस जिने पहिल्याच वर्षी तो प्रश्न विचारला होता. त्याने फार बळ यायचं.

बाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी अकोल्याला शिकवते. माझ्या प्रयोगशाळेत एक डबी कायम न वाटता ठेवलेली असते. मुलं तिला मॅडमची डबी म्हणतात आणि माझ्या पाठीमागे हसतात.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी, रुबिना तडवी, अशीच तोंडावर आपटली. पिकांवरच्या कोळी किडीवर तिने जे उभं केलं होतं ते ऐन वेळी कोसळलं. दोष माझा होता, पद्धत मी घालून दिली होती. कोसळलं कशामुळे हेही मलाच आधी दिसलं, आणि ते मूळ कामापेक्षा कितीतरी मोलाचं होतं. परीक्षकांसमोर ती ओढणीचं टोक पिळत बसली होती. त्यांनी विचारलं, आता हिचं काय. मी उभी राहिले आणि म्हणाले, चूक माझी आहे, पण ही नवी गोष्ट हिची. पहिल्याच वर्षी हिने मला याबद्दल विचारलं होतं, तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

बाहेर व्हरांड्यात रुबिनाने मला गाठलं. तिचे डोळे अजून ओले होते.

"मॅडम, मी असं कधी विचारलं होतं? मला आठवत नाही."

"मला आठवतं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग हळूहळू तिची मान ताठ झाली. तिने तसं काही विचारलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.